पोकळ गिटार आणि तिची घोडी

रायपूर शहराच्या जुन्या भागात, बूढा तलावाच्या काठी, बूढापारा नावाची वस्ती आहे. माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा तेथेच आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८५४ साली संपला, तरी त्या अमलाच्या आगेमागे छत्तीसगडात गेलेली मराठी घराणी तेथेच रुजली. अशा एखाद्या घरात कोपऱ्यात गवसणी घातलेला तंबोरा दिसला, तर कोणी आश्चर्य करणार नाही. आता त्याच्या शेजारी गिटारही उभी असते. मुंबई-हावडा लोहमार्गाच्या एका टोकाला धोबी तलावची वाद्यांची दुकाने आणि दुसऱ्या टोकाला कोलकात्याच्या लालबाजारची. रायपूर पडले मधल्या वाटेवर. त्यामुळे वाद्य दुरून आणायचे, आणि त्याची निगा मात्र आपल्या हाताने राखायची, ही तेथील वादकाची जुनी स्थिती. बेताच्या किमतीची, पोकळ अंगाची, विजेवर चालणारी गिटार घरात आली, तर तिच्यावर पुढचा पैसा कोठे खर्चावा, हा प्रश्न अशा वादकाला पडतोच. त्याचे उत्तर त्या वाद्याच्या इतिहासातच पुष्कळसे सापडते.

पोकळ गिटारीचा हा प्रकार व्हायोलिनच्या घाटावर बेतलेला आहे. वरची तबली कमानदार, तिच्यात दोन बाजूंना वळणदार फटी, आणि तबलीवर न चिकटवता केवळ तारांच्या दाबाने उभी असलेली घोडी. अमेरिकेतील कॅलमझू गावच्या गिब्सन कंपनीने १९२२ साली एल-५ नावाची अशी गिटार काढली. हेतू एवढाच, की नृत्यगृहातील वाद्यवृंदात तिचा आवाज पोहोचावा. तो पुरता पोहोचला नाही. पितळी वाद्यांच्या गजरात गिटारवादकाने ताल धरून बसावे, आणि एकट्याने काही वाजवण्याची हौस बाळगू नये, अशी रीतच पडून गेली.

वीज प्रथम लाभली ती मांडीवर आडवी घेऊन वाजवायच्या हवाईयन गिटारीला, १९३२ च्या सुमारास. कमानदार पोकळ गिटारीवर गिब्सनने ती आणली १९३६ साली. त्या गिटारीचे नाव ईएस-१५०. यातला आकडा काही गूढ नव्हे. गिटार, ध्वनिवर्धक आणि दोहोंना जोडणारी तार असा संच सुमारे १५० डॉलरना मिळे, म्हणून १५०. याच कंपनीची १९३४ ची सुपर ४०० ही उंची गिटार नुसतीच ४०० डॉलरची होती. म्हणजे ईएस-१५० ही राजेरजवाड्यांची वस्तू नव्हती. कमाई करून जगणाऱ्या वादकाला आवाक्यात येईल अशा बेताने ती घडवलेली होती.

ती ज्याच्या हाती शोभली तो चार्ली क्रिश्चन हा ओक्लाहोमाचा कृष्णवर्णीय तरुण. घरची गरिबी एवढी, की अंध वडील रस्त्यावर वाजवून पोट भरत. शाळेच्या हस्तव्यवसायाच्या तासाला हा मुलगा सिगारेटच्या नव्हे, सिगारच्या रिकाम्या खोक्यांच्या गिटारी करीत असे, अशी आठवण त्याच्याच गावच्या राल्फ एलिसन या कादंबरीकाराने लिहून ठेवली आहे. १९३९ च्या ऑगस्टमध्ये तो बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात दाखल झाला, आणि सनई-कर्ण्यांच्या बरोबरीने गिटारीचा एकेक सूर सुटा, स्पष्ट ऐकू येऊ लागला. हे वैभव जेमतेम दोन वर्षे टिकले. क्षयाने ग्रासलेला क्रिश्चन १९४२ च्या मार्चमध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी वारला. त्या गिटारीतील ध्वनिग्राहकाला, म्हणजे पिकअपला, आजही त्याच्या नावाने ओळखतात.

हा पिकअप कसा काम करतो, हे तंबोऱ्याच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्यावरून पोलादी तार कंप पावली, की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अल्पशी वीज निर्माण होते. तेव्हा हे यंत्र आवाज ऐकत नाही, पोलाद ऐकते. मिरजेच्या तंबोऱ्यावर असा पिकअप बसवला, तर जोडाच्या पोलादी तारा तो सांगेल, आणि खर्जाच्या पितळी तारेविषयी जवळजवळ मौन पाळील. ईएस-१५० च्या बाबतीत असाच एक घोटाळा झाला. तिच्या पिकअपचा माथा म्हणजे एक सलग पोलादी पाते होते. तिसऱ्या तारेपासून पुढच्या तारांवर वेढण असे, म्हणून त्यांचा आतला पोलादी गाभा बारीक; दुसरी तार मात्र निखळ पोलादाची नि चांगली जाड. परिणामी तीच इतरांच्या डोक्यावर बसे. कंपनीने उपाय केला तो अगदी साधा: त्या तारेखाली पात्याला एक खाच पाडली. पुढे १९४६ साली आलेल्या पी-९० पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली स्वतंत्र स्क्रू बसवला, आणि मग ज्याने त्याने आपल्या तारांचा समतोल स्वतःच साधावा, अशी सोय झाली.

घरातील विजेची गुणगुण हा दुसरा त्रास. एका वेढ्याचा पिकअप घरातल्या विजेची घुरघुर, आपल्याकडे ५० आवर्तनांची, इमानाने पकडतो. गिब्सनचे सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन वेढे एकमेकांविरुद्ध दिशेने जोडून ती घुरघुर परस्पर खोडून टाकली. १९५७ पासून तसे पिकअप गिटारीत बसू लागले.

तिसरा त्रास मात्र पोकळपणाचाच. ध्वनिवर्धकाचा आवाज तबलीला हलवतो, तबली तारांना हलवते, तारा पुन्हा ध्वनिवर्धकाला चेतवतात, आणि शेवटी शीळ घुमते. लेस पॉल यांनी १९४१ च्या सुमारास भरीव लाकडी ओंडक्याला पोकळ गिटारीचे दोन बाजूंचे तुकडे जोडून यावर मार्ग काढला. १९५८ च्या ईएस-३३५ मध्ये पोकळ अंगाच्या मधोमध लाकडाचा ठोकळा आला. तरीही बी. बी. किंग यांना शीळ छळत असे, तेव्हा ते गिटारीच्या फटींत चक्क टॉवेल कोंबत. १९८० साली कंपनीने त्यांच्या आवडत्या ‘ल्यूसिल’ या नावाने जी गिटार काढली, तिला फटीच ठेवल्या नाहीत. टॉवेलची किंमत लक्षात घेता, या वाद्याच्या इतिहासातली ही सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणावी लागेल.

स्वस्त लाकडाविषयी जी नाके मुरडली जातात, तिलाही इतिहासाचा फारसा आधार नाही. १९४९ सालच्या ईएस-१७५ या गिटारीची तबली थरांच्या चिकट-लाकडाची होती. कोरीव तबलीपेक्षा ती स्वस्त पडे, आणि कमी थरथरत असल्यामुळे शीळही कमी घाले. आज जॅझचे वादक तिच्याकडे मानाने पाहतात. तेव्हा चीन, कोरिया किंवा इंडोनेशियात बनलेल्या बेताच्या गिटारीचे अंग थरांचे असले, तर वादकाने खंत करण्याचे कारण नाही. उणीव असते ती बहुधा तारेचा स्पर्श होतो त्या जागी.

आपल्याकडचे एक उदाहरण येथे बोलके ठरावे. १९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. शिवकुमार शर्मा यांचा संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, माणिकराव पोपटकर यांचा तबला, आणि ब्रिजभूषण काबरा यांची गिटार. काबरा यांचे वाद्य सुपर ४०० हेच होते. उंची, कमानदार, पोकळ, मूळची विजेवाचूनची गिटार. तिच्यातून राग काढायचा म्हणून त्यांनी तिच्या लाकडाला हात लावला नाही. तारगहन उंच करून तारा पडद्यांपासून वर उचलल्या, सुराची एक जादा तार चढवली, आणि वाद्य मांडीवर घेऊन कांबीने मींड काढली. चारशे डॉलरच्या गिटारीला भारतीय केले ते तारगहनाने.

तंबोऱ्याच्या जाणकाराला हे नवे नाही. २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले मिरजेचे तंबोरेसुद्धा जवारी बिघडली की मुके होतात. आणि साधा भोपळा असलेला तंबोरा, घोडी कुशल हाताने घासली आणि दोरा नेमक्या जागी सरकवला, की बोलू लागतो. गिटारीचेही असेच. आधी तारगहनाच्या खाचा पाहाव्यात. उथळ असतील तर पहिल्या पडद्यावरच सूर चढतो, आणि वादक मात्र आपल्या बोटांना दोष देत बसतो. मग तारा. अशा गिटारीला भरीव गिटारीच्या बारीक तारा मानवत नाहीत. अकरा-बारा हजारांश इंचाच्या पहिल्या तारेपासून सुरू होणारा संच घोडीवर नीट दाब देतो. तिसरी तार वेढणाची घेतल्यास लाकडी घोडीवर ती सुरात राहण्याची शक्यता वाढते.

हे झाल्यावर विजेच्या अंगाकडे वळावे. दोन वेढ्यांच्या पिकअपला आवाजाची कळ सहसा पाच लाख ओहमची असते. स्वस्त गिटारीत ती खरखरत असेल, तर पिकअपच्या आधी ती बदलावी. पिकअप बदलण्याचा मोह त्याहून पुढचा, कारण आधी त्याची उंची स्क्रूने खालीवर करून पाहण्यास दमडीही लागत नाही. आणि ध्वनिवर्धक हा नंतरचा शृंगार नव्हे. ईएस-१५० विकली गेली ती संचाने, हे विसरून चालणार नाही. सगळी पुंजी गिटारीत घालून ध्वनिवर्धकापुरते पैसे न उरल्यास वाद्याचा अर्धा भागच घरी आला, असे समजावे.

घोडी जागेवर बसवणे हे मात्र सर्वांत जिव्हाळ्याचे काम, आणि ते प्रत्येकाने शिकून घ्यावे. बाराव्या पडद्यावर तार दाबून निघणारा सूर, आणि त्याच जागी बोट नुसते टेकवून निघणारा हलका अनुनाद, हे दोन्ही एक यायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी मागे, लंगोटाकडे, सरकवावी; उतरता असेल तर पुढे. जागा सापडली, की तबलीवर पेन्सिलीने बारीक खूण करावी. आणि तारा बदलताना सहाही एकदम काढू नयेत. दाब गेला की घोडी घसरते, आणि सारा उद्योग पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.