काहीच न घडल्याची गोष्ट

चमत्कारांच्या बाबतीत आमचा नगर जिल्हा (आता अहिल्यानगर म्हणायचे) कधीच दुष्काळी नव्हता. शिर्डीत पाण्याने पणत्या पेटल्याची कथा, शिंगणापुरात दारे नसलेली घरे. नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानोबांनी ज्ञानेश्वरी सांगितली, तो पैसाचा खांब आजही उभा आहे. तिथे येणाऱ्यांना मात्र ओव्यांपेक्षा रेडा आणि चालणारी भिंतच जास्त पाठ.

मी याच नेवासे तालुक्यातली, चौथ्या पिढीची ख्रिस्ती, पेशाने शिक्षिका, आता निवृत्त. आमच्या घरात सांगितला जाणारा चमत्कार एकच, आणि तो म्हणजे काहीच घडले नाही. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरातला शेंदूर फासलेला म्हसोबा उचलून ओढ्यात नेऊन टाकला. गावाने बजावले, आठ दिवसांत घरातले माणूस जाईल. आठ दिवस झाले, पंधरवडा झाला, सगळे ठणठणीत. पणजोबा छाती काढून हिंडू लागले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा धाकटा मुलगा तापाने गेला. गाव म्हणाले, बघा. त्या रविवारी पणजी नेहमीच्या जागी उपासनेला जाऊन बसली. ही गोष्ट सांगताना आजी शेवटी म्हणायची, "आठ दिवसांत काही झालं नाही म्हणून विश्वास ठेवला असता, तर पोरगं गेल्यावर सोडावा लागला असता."

आजी चौथी शिकलेली. पण नगरच्या ख्रिस्ती मंडळीचा सगळा इतिहास तिच्या या वाक्यावर घासून बघता येतो, असे मला वाटते.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये नगरला. त्यांच्याजवळ दाखवायला चमत्कार नव्हता. पुस्तके होती, शाळा होत्या, थोडीफार औषधे होती. १८३३ मध्ये इथे मंडळी (चर्च) स्थापन झाली. १८३९ मध्ये हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले, तेव्हा शहरात हलकल्लोळ झाला. त्याच वर्षी मिशनच्या सिंथिया फरार मुंबईहून नगरला आल्या आणि १८६२ मध्ये मरेपर्यंत मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते त्यांच्याकडे. मुलींनी पाटीवर अक्षरे काढावीत हे त्या काळात पाहायला जाण्यासारखेच होते. पण पाण्याचा द्राक्षारस झाला असता तर जितकी गर्दी जमली असती, तितकी काही जमली नसणार.

१८४२ मध्ये नगरलाच मिशनचे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले. त्यातून पुराणांतल्या अद्‌भुत कथांवर झोड उठायची. आता इथे मिशनरी थोडे अडचणीतच होते, हे आपल्याच माणसांनी कबूल केलेले बरे. कृष्णाने गोवर्धन उचलला हे खोटे आणि येशू पाण्यावरून चालला हे खरे, असे म्हणणाऱ्याला समोरचा शास्त्री सोडणार थोडाच? आमच्या शाळेतले एक संस्कृतचे गुरुजी मला मिश्कीलपणे विचारायचे, "बाई, तुमचा चमत्कार तो इतिहास आणि आमचा ती भाकड का?" मी त्यांना शुभवर्तमानच वाचायला द्यायची. त्यात परूशी आकाशातून चिन्ह मागतात तेव्हा येशू सुस्कारा टाकतो आणि नाही म्हणतो. बऱ्या झालेल्यांना अनेकदा बजावतो की कुणाला सांगू नका. हेरोद राजाला त्याच्याकडून काहीतरी करामत बघायचीच होती. त्याच्यापुढे तर तो एक शब्दही बोलत नाही. पाच हजारांनी भाकरी खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी जी माणसे शोधत येतात, त्यांना तो तोंडावर सांगतो की तुम्ही पोटासाठी आला आहात. गुरुजींनी ते वाचले. पटले की नाही ते त्यांनी सांगितले नाही, पण पुढे तो प्रश्न काही विचारला नाही.

भाकरीचा तो टोमणा आमच्या लोकांनीही फार खाल्ला. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर नगर, नेवासे, राहुरीकडच्या महारवाड्यांतून माणसे मोठ्या संख्येने मंडळीत आली. भाकरीसाठी बाटले, असे लोक म्हणाले. काही आले असतीलही. उपाशी माणसाने भाकरीकडे बघू नये, असे भरल्या पोटाने म्हणणे सोपे. पण दुष्काळ दोन-तीन वर्षांत सरला आणि माणसे राहिली. बाप्तिस्म्याआधी त्यांची पारख व्हायची: मेलेल्या ढोराचे मांस सोडले का, दारू सोडली का, जत्रेला जातो का. ढोर ओढणे नाकारले की बलुते जायचे, आणि गावाच्या विहिरीवर तर ख्रिस्ती झाल्यावरही पाणी मिळत नव्हते. धर्म बदलल्याने पदरात पडले ते एवढे. तरी टिकले.

ही मंडळी गावोगाव बांधली ती भजन-कीर्तनांनी. नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळ्यांनी वीणा-मृदंगासह ख्रिस्ती कीर्तन रूढ केले. कीर्तनात चमत्कार असायचेच, आंधळ्या बार्तीमयाचे आख्यान तर हमखास. माझ्या लहानपणीही कीर्तनकार कंदिलाच्या उजेडात ते लावायचे. बार्तीमय डोळे आल्यावर घरी गेला नाही, येशूच्या मागे वाटेने चालू लागला, यावर त्यांचा सगळा भर असायचा. समोरच्या म्हाताऱ्या माना डोलवायच्या आणि आम्ही पोरे तिथेच झोपून जायचो.

मग टिळक आले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यांना पकडले ते डोंगरावरच्या प्रवचनाने. शत्रूवर प्रेम करा, उजव्या हाताचे डाव्याला कळू देऊ नका, असे सगळे. त्यात एकही चमत्कार नाही. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ते नगरला आले, मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांनी १८७८ मध्ये काढलेल्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवायला. घर तुटले होते. पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातलगांकडे, पंढरपुराकडे दिवस काढत होत्या.

त्यांची 'स्मृतिचित्रे' मी कितीदा वाचली असतील. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ही बाई ख्रिस्ती झाली नाही. नगरला येऊनही तिने सोवळेओवळे सांभाळले. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न तिने स्वतःशी सोडवला, आणि तो सुटल्यावर कोणाच्याही हातचे खाऊ लागली. बाप्तिस्मा १९०० मध्ये, म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. सोवळे सोडायला जी हिंमत लागली तिची बरोबरी मला कुठल्या साक्षात्काराने होईल असे वाटत नाही. त्याच सुमाराला मोठ्या दुष्काळाने जिल्हा होरपळला होता. ह्यूमसाहेब अन्नछत्रे आणि अनाथ मुलांच्या व्यवस्थेत बुडाले होते. त्या कामासाठी १९०१ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले.

नगरपासून फार लांब नाही ते दौंड तालुक्यातले केडगाव. तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात जून १९०५ मध्ये मुलींच्या प्रार्थनेत एकाएकी भर आला. मुली रडत, अनोळखी भाषांत बोलत. एकीवर अग्नी दिसल्याचेही सांगितले गेले. दूरदूरचे मिशनरी ते बघायला धावले आणि जगभर लेख छापून आले. रमाबाईंनी मुलींना अडवले नाही, त्यांची थट्टाही होऊ दिली नाही. त्या स्वतः मात्र हिब्रू आणि ग्रीक भाषांचे कोश उघडून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करत बसल्या, कितीतरी वर्षे. ते काम संपवून एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. बघायला आलेल्यांपैकी त्यांच्या कोशांकडे किती जणांनी पाहिले असेल?

आता हरेगाव. श्रीरामपूर तालुक्यात बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याभोवती वसलेले गाव. तिथल्या संत तेरेजा चर्चमध्ये जेझुइट फादर जेराल्ड बाडर यांनी १९४९ मध्ये मतमाउलीची यात्रा सुरू केली. मरियेचा जन्मदिवस ८ सप्टेंबर, त्याच्या आसपासच्या शनिवार-रविवारी लाखांनी माणसे येतात. मराठवाडा, नाशिक, मुंबई, सगळीकडची, आणि त्यांत हिंदूही पुष्कळ. नवस, मेणबत्त्या, पाळणे, भेळ, बांगड्या. आमची प्रोटेस्टंट मंडळी नाक मुरडते: हे तर जत्रेचेच दुसरे रूप! मीही मुरडत असे. पण आमच्या गल्लीतली एक मावशी मूल व्हावे म्हणून वर्षानुवर्षे तिथे गेली. मूल झाले नाही. ती अजून जाते. आता काय मागतेस, असे मी विचारले, तर म्हणाली, "मागायचं काही राहिलं नाही गं, भेटायला जाते." तिला आणि माझ्या पणजीला मी एकाच बाकावर बसवते, संप्रदाय वेगळे असले तरी.

कॅथलिक चर्च चमत्काराच्या बाबतीत बाहेरच्यांना वाटते तितके भोळे नाही. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ पासून कोट्यवधी माणसे गेली. बरे झाल्याचे दावे तपासायला तिथे १८८३ पासून डॉक्टरांची कचेरी आहे. २०१८ पर्यंत चर्चने मान्य केलेले चमत्कार अवघे ७०. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने नियम आणखी कडक केले. एखादी घटना अलौकिक आहे असा शिक्का आता सहसा मारला जात नाही.

आमच्याकडे मात्र चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने रोग बरे करण्याच्या, सभांच्या मांडवात अशी कचेरी नसते. ध्वनिक्षेपक असतो, वाद्यवृंद असतो, कुबड्या फेकणारा असतो आणि शेवटी दानपेटी फिरते. माझ्या एका नातलगाने अशा सभेतून परत आल्यावर मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. पायाचा अंगठा काढावा लागला. सभा कुणाची ते सांगत नाही, कारण अशा सभा पुष्कळ आहेत. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याच्यासाठी झगडणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला खून झाला. हा कायदा देवाविरुद्ध आहे म्हणून आमच्यातले काही पाळक तेव्हा कुरकुरले होते. मला तर तो हेरोदासमोरच्या त्या मौनाच्या जवळचा वाटला.

सप्टेंबरात हरेगावला जाणार असाल तर जरूर जा, गर्दीत लहान मुलांचा हात सोडू नका. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पिशवीत ठेवा आणि वेळेवर घ्या. येताना वाकडी वाट करून नेवाशाला उतरा, आणि खांबाला हात लावून झाल्यावर ज्ञानेश्वरीची एखादी तरी ओवी वाचा.