बँटिंग आहार
बँटिंग आहार ही वजन घटवण्यासाठी पिष्टमय व गोड पदार्थ टाळणारी एकोणिसाव्या शतकातील आहारपद्धती आहे. लंडनचे अंत्यविधी-व्यावसायिक विल्यम बँटिंग १८६२ मध्ये कमी ऐकू येते म्हणून कर्णतज्ज्ञ विल्यम हार्वे यांच्याकडे गेले. हार्वे यांनी मात्र त्यांचा आहारच बदलला. लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे बंद झाले, पाव नावापुरता उरला. मांस, मासे, भाज्या आणि क्लॅरेट, शेरी ही मद्ये चालू राहिली. सुमारे वर्षभरात वजन २०२ पौंडांवरून १५६ पौंडांवर आले. १८६३ मधील त्यांच्या पुस्तिकेमुळे पथ्याला त्यांचेच नाव पडले. स्वीडिश भाषेत ‘बांता’ हे क्रियापद आजही वजन घटवण्यासाठी खाणे कमी करण्याला वापरतात. दक्षिण आफ्रिकेत टिम नोक्स यांनी २०१३ पासून याच नावाने लोकप्रिय केलेल्या आहारात मात्र स्निग्ध पदार्थांवर भर असून मूळ पथ्यातील वर्ज्य लोणी त्यात मुक्तपणे चालते.