चमचाभर तेलाची कुळकथा

ऑइल इंजिन सकाळी हँडल मारून मारून सुरू होईना, झालंच तर निळा धूर ओकायला लागलं, आणि डिपस्टिकवरची तेलाची रेघ आठवड्याला खाली जायला लागली, की सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही वस्तीवर निदान ठरलेलं असतं: रिंगा गेल्या. पण जाणता मेस्त्री एवढ्यावर हेड उतरवत नाही. तो नोझल काढतो, त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडतो, नोझल परत बसवतो आणि डिझेल बंद ठेवून हँडल फिरवतो. हात आधीपेक्षा जड लागला तर दोष रिंगांचा. तसाच हलका राहिला तर व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट बघायचं. तेल पिस्टनच्या कडेनं उतरून रिंग आणि लायनरमधली फट घटकाभर बुजवतं, व्हॉल्व्हपर्यंत मात्र पोचत नाही. सगळी परीक्षा एवढ्यावर उभी आहे.

ही युक्ती मुळात परीक्षा नव्हती, तो इंजिन चालवायचा रोजचा इलाज होता. आणि तो पिस्टन रिंगेहून जुना आहे.

१७१२ मध्ये इंग्लंडात डडलीजवळ थॉमस न्यूकोमेननं कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसायला वाफेचं इंजिन उभं केलं. तेव्हा सिलिंडर आतून नीट गोल घासणं कुणालाच जमत नव्हतं, त्यामुळे पिस्टनच्या भोवती फट राहायचीच. न्यूकोमेननं पिस्टनला कातड्याची चकती लावली आणि वरून पाण्याचा थर ठेवला. सिलिंडर वरून उघडाच होता. पाणी गळून कमी झालं की वरून आणखी सोडायचं. कातडं फट झाकायचं, उरलेली पाणी भरून काढायचं. आपल्याकडे विहिरीवर कातड्याची मोट बैल ओढत होते त्याच काळातली ही गोष्ट. तिकडेही काम पाणी उपसण्याचंच.

जेम्स वॉटनं हा थर घालवला. त्याला सिलिंडर सतत गरम हवा होता आणि वरचं पाणी तो थंड करत होतं. पण पाणी काढल्यावर फट उघडी पडली, आणि वॉटची कित्येक वर्षं ती बुजवण्यात गेली. शेवटी त्याला तारलं ते जॉन विल्किन्सननं. तोफा पोखरण्याचं त्याचं १७७४ चं तंत्र सिलिंडरला लागू पडलं. तरीही पिस्टनभोवती ताग आणि चरबीच कोंबावी लागे, आणि ती सारखी बदलावी लागे.

खरी रिंग आली ती रेल्वेमुळे. इंग्लंडातल्या लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे इंजिनिअर जॉन रॅम्सबॉटम यांनी १८५२ मध्ये चिरलेली धातूची रिंग वापरून बघितली. ती वाकडीतिकडी झिजली. कारण असं, की आधीच पूर्ण गोल असलेली रिंग चिरून सिलिंडरमध्ये दाबली की सगळीकडे सारखा दाब देत नाही. दोन वर्षांनी त्यांनी मुद्दाम थोडी बेडौल रिंग केली. आत दाबल्यावर ती बरोबर गोल व्हायची, आणि तिनं चार हजार मैल काढल्याचा दावा केला गेला. आपण आज दुकानात मागतो ती रिंग याच रिंगेची वंशज. रेल्वे सोलापुरात पोचली १८६० मध्ये, म्हणजे या शोधाला जेमतेम सहा वर्षं झालेली असताना.

डिझेल इंजिन इकडच्या मुलखात उशिरा आलं. सातारा रोडच्या कूपर कारखान्यात १९३० च्या दशकात ती तयार होऊ लागली. हा कारखाना पुढे सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांकडे गेला. १९४६ मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि मोटेचे दिवस भरले. त्यांचं एव्ही-वन हे पाच हॉर्सपॉवरचं इंजिन आपण हिशेबाला घेऊ: बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०, मिनिटाला १५०० फेरे, कॉम्प्रेशन १६.५ ला एक.

१५०० फेऱ्यांना पिस्टन खालून वर जायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. एवढ्या वेळात हवा गळून गळणार किती? हातानं फिरवताना मात्र वेळ कितीतरी पट जास्त मिळतो, हवा निसटते, आणि डिझेल पेटण्याइतकी ती तापतच नाही. म्हणून रिंगांचं दुखणं आधी सकाळच्या हँडलला दिसतं. एकदा सुरू झालेलं इंजिन दिवसभर पाणी ओढतं आणि मालक म्हणतो, इंजिनाला काही झालेलं नाही!

आता चमच्याकडे परत. ही परीक्षा पेट्रोल इंजिनात जेवढी भरवशाची, तेवढी डिझेलमध्ये नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. एव्ही-वनमध्ये पिस्टन वर टेकला की उरलेली जागा फक्त ३६ घनसेंटिमीटर. त्यात पाच घनसेंटिमीटर तेल गेलं की कॉम्प्रेशनच साडेसोळावरून एकोणीसपर्यंत चढतं. रिंगा धडधाकट असल्या तरी हात थोडा जड लागणारच. शिवाय पिस्टनच्या डोक्यावर खळगा असतो, त्यात तेल साचून राहतं आणि कडेपर्यंत जातच नाही. आणि कुणी हौसेनं वाटीभर ओतलं, तर तेल काही दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

त्यापेक्षा कान बरा. डिकॉम्प्रेशन लिव्हर न उचलता हँडल दाबावर धरून ठेवा आणि फुस्स कुठून येतं ते ऐका. एअर क्लीनरमधून आलं तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ब्रीदरमधून आलं तर रिंगा. चालू इंजिनाचा ब्रीदर भकाभका धूर सोडत असेल तर तेलाची गरजच नाही.

रिंगा नेमक्या किती झिजल्या आणि लायनर किती, हे मात्र हेड उतरवून पिस्टन काढल्याशिवाय कळत नाही. इथल्या धुळीत एअर क्लीनरमधलं तेल बदललं नाही, तर लायनर वरच्या टोकाला आधी झिजतो. नवी रिंग पिस्टननं ढकलून लायनरच्या तळाशी सरळ बसवा, फिलर गेजनं तोंडाची फट मोजा. मग तीच रिंग वर आणून, रिंगेच्या घासण्यानं कड पडलेली असते तिच्या लगेच खाली, पुन्हा मोजा. दोन फटींतल्या फरकाला ३.१४ ने भागलं की लायनर व्यासात किती वाढला ते मिळतं. फरक ०.९ मिलिमीटर निघाला तर लायनर ०.३ नं मोठा झालेला आहे, आणि त्यात नुसत्या नव्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.