जळक्या ऑईलची शेगडी मरोळला का आली नाही

इंजिनातून काढलेलं काळं ऑईल गॅरेजमध्येच जाळायचं आणि त्याच उबेत हिवाळाभर काम करायचं, ही युक्ती बर्फाळ मुलखातली. तिला खरं बळ दिलं 1973 च्या तेलसंकटाने. कच्च्या तेलाचं पिंप तीन डॉलरवरून काही महिन्यांत अकराच्या वर गेलं, आणि एरवी खड्ड्यात ओतलं जाणारं ऑईल एकदम कामाचं ठरलं. ते घट्ट असतं, म्हणून आधी तापवायचं, दाबाच्या हवेने बारीक फवारायचं आणि पेटवायचं. धूर धुराड्यातून बाहेर, ऊब पंख्याने आत. अमेरिकेने 1985 मध्ये या जाळण्याला नियम लावले. शेगडी ताशी 5 लाख बीटीयूपर्यंतचीच, ऑईल आपल्याच गॅरेजचं किंवा घरच्या गाडीचं ऑईल स्वतः बदलणाऱ्यांनी आणून दिलेलं. इंधन म्हणून मोकळेपणी विकायच्या ऑईलला मात्र मर्यादा आल्या: शिसं 100 पीपीएम, आर्सेनिक 5, एकूण हॅलोजन 4000.

मुंबईत मरोळच्या शेजारी सांताक्रूझला नोंदलेलं नीचांकी तापमान आहे 7.4 अंश, तेही 22 जानेवारी 1962 चं. इथे गॅरेज तापवायचं कुणाच्या मनातही येणार नाही. पण औद्योगिक वसाहत, गॅरेजं आणि रिक्षा म्हटल्यावर जळकं ऑईल निघणारच. जागच्या जागी खपत नाही म्हटल्यावर ते विकाऊ झालं: काही शटरिंगच्या पाट्यांना, काही वाळवीच्या लाकडाला, काही भट्टीला. गंमत अशी की शेगडी आली नाही, तिचे आकडे आले. टाकाऊ तेलापासूनच्या इंधनासाठी भारतातल्या घातक कचऱ्याच्या नियमांत शिसं 100, आर्सेनिक 5, हॅलोजन 4000 हेच लिहिलेलं आहे. एखादा आकडा योगायोगाने जुळेल. तीन जुळले की वंशावळ मानावी लागते. आणि वारसा आकड्यांचाच आला. ऑईल निघतं तिथेच उबेची गरज असते, हे शेगडीचं मूळ समर्थन मागेच राहिलं. ते नसेल तर इथे ऑईल जाळण्याला आधार फार थोडा उरतो.

कारखान्याच्या बॉयलरला उष्णता बारमाही लागते, हा आक्षेप खरा आहे. पण उष्णता गॅसनेही मिळते. वंगणाचं मूळ तेल इंजिनात संपत नाही. त्यात काजळी, पाणी आणि धातूचा कीस मिसळतो, मिसळलेली रसायनं खर्ची पडतात. हे काढून ते शुद्ध करता येतं; जाळणं म्हणजे धुता येणारं कापड चुलीत घालणं. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यावर शिशाची भीती ओसरली, तरी वंगणातलं जस्त आणि फॉस्फरस राखेत आणि धुरात उतरतातच, आणि मरोळमध्ये धुराड्याला लागूनच खिडक्या आहेत. शुद्धीकरण तरी कुठे स्वच्छ, असं कुणी विचारेल. आम्ल आणि मातीच्या जुन्या पद्धतीने आम्लाचा घातक गाळ उरायचा, हे नाकारता येत नाही; निर्वात ऊर्ध्वपातनात तो टळतो. सगळ्यांत जड आक्षेप छोट्या गॅरेजवाल्याचा. त्याच्या दोन कॅनसाठी शुद्धीकरणाला ऑईल नेणारा परवानाधारक टेम्पो का येईल? 1 एप्रिल 2024 पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी वंगण बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आली आहे, पण गॅरेजच्या दारात रोख मोजणारा भट्टीवाला असेल, तर त्याच्याइतका भाव या कंपन्यांच्या साखळीलाही द्यावा लागेल.