प्रेषक कोण?

गेल्या महिन्यात बाबांचा फोन. "अरे, तुझं पाकीट चोरीला गेलं का?" माझ्या नावाने त्यांना मेल आली होती, ताबडतोब पैसे पाठवा म्हणून. मजकूर इंग्रजीत होता आणि मी घरी कायम मराठीतच लिहितो, म्हणून ते थबकले. पण वर नाव माझंच होतं. "मग ते खोटं कसं?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

त्याचं उत्तर इतिहासात आहे. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सनने पहिली नेटवर्क-मेल पाठवली, तेव्हा अर्पानेट म्हणजे मोजक्या प्रयोगशाळांचं छोटं गाव होतं. १९७३ च्या आरएफसी ५६१ या टिपणाने मेलच्या माथ्यावर 'फ्रॉम' हा रकाना नेमून दिला. त्याच्या चार लेखकांपैकी एक आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे अभय भूषण! गावात सगळे ओळखीचे, खोटं नाव लिहिणार कोण?

१९८२ च्या आरएफसी ८२२ मध्ये तर साहेबाच्या वतीने सेक्रेटरीने मेल पाठवायची सोयही स्पष्ट लिहिली आहे: 'फ्रॉम' साहेब, 'सेंडर' सेक्रेटरी. त्याच वर्षीच्या एसएमटीपीने लिफाफ्यावरचा पत्ता पत्रातल्या पत्त्यापासून वेगळा ठेवला. तपासणी मात्र कुठेच नाही. आपल्या आंतरदेशीय पत्रावर 'प्रेषक' म्हणून काहीही लिहा, पोस्टमन कुठे विचारतो?

डागडुजी फार उशिरा झाली. एसपीएफ २००६ मध्ये, डीकेआयएम २००७ मध्ये टिपणात आलं, डीमार्कचं टिपण २०१५ चं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं. पण ही सगळी तपासणी डोमेनची, म्हणजे ॲटच्या चिन्हापुढच्या भागाची. नावाची नाही. बाबांना आलेली मेल कुठल्यातरी भलत्याच पत्त्यावरून, पण माझं नाव लावून आली होती, आणि मोबाईलवर आधी दिसतं ते नावच.

थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये एकाच खात्याला अनेक 'ओळखी' जोडता येतात. मला त्याचा रोज उपयोग होतो: प्रयोगशाळेचा पत्ता एक, घरचा दुसरा. परवा गंमत म्हणून नावाच्या रकान्यात बाबांचं नाव टाकलं आणि स्वतःलाच मेल धाडली. बिनबोभाट पोचली. क्षणभर मलाही बरं वाटलं, बाबांची मेल आली म्हणून!

असो. आता आमचं ठरलंय: पैशाचा विषय निघाला की आधी फोन. आणि नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता कसा बघायचा, तेही बाबा शिकलेत.