अस्थींची साक्ष

पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धी हें गांव पाण्याच्या कामामुळें प्रसिद्धीस आलें. १९७५ नंतर तेथें नालाबांध व पाझर तलाव झाले, वाहून जाणारें पाणी जमिनींत मुरूं लागलें आणि उजाड शिवार पुन्हां पिकूं लागलें. पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या या प्रदेशांत पोटाची व पाण्याची विवंचना किती जुनी आहे, हें मात्र कोणत्याहि दप्तरांत लिहिलेलें नाहीं. तें मातीखालच्या अस्थींत लिहिलेलें आहे.

पारनेरला लागूनच पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुका आहे. तेथें घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांनीं उत्खनन केलें. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळांत तेथें शेतकऱ्यांची वस्ती नांदत होती. या लोकांच्या संस्कृतीस अहिल्यानगर जिल्ह्यांतील जोर्वें या गांवाचें नांव मिळालें आहे. त्याच जिल्ह्यांत नेवासें व दायमाबाद येथेंहि तिचे अवशेष निघाले.

हे लोक आपल्या मृतांना घराच्या जमिनीखालींच पुरीत. मूल गेलें, तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत तें ठेवीत. प्रौढाला उत्तरेकडे डोकें करून निजवीत आणि त्याचीं पावलें तोडीत. गेलेल्यानें घर सोडून जाऊं नये, अशी त्यामागील समजूत असावी. नेवाशाच्या एका बालकाच्या गळ्यांत तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. तीन हजार वर्षांनंतरहि ती घालणाऱ्या हाताची माया तींत जाणवते.

या चालीरीतींहून अधिक बोलतात ते मुलांचे दांत. वाढीच्या वयांत अन्न तुटलें किंवा आजार जडला, कीं दांतावरील कठीण कवचाची घडण थांबते व तेथें आडवी खांच राहते. ती पुढें कधींहि भरून येत नाहीं. डॉ. वाळिंबे, ल्युकाक्स इत्यादि शास्त्रज्ञांनीं इनामगांवच्या अस्थींचा व दांतांचा अभ्यास करून हा लेख वाचला.

इ. स. पूर्व १००० पर्यंत या गांवीं प्रशस्त चौकोनी घरें होतीं, धान्याचीं कोठारें होतीं, नदीचें पाणी आणणारा पाटहि होता. पुढें घरें लहान व गोल झालीं, शेती उणावली, गुरें व शिकार यांवर भिस्त वाढली, मुलांची वाढ खुंटली. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास वस्ती ओस पडली. अवर्षण हें त्याचें कारण, कीं जमिनीचा कस उतरला हें, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. परंतु मुलांनीं सोसलेल्या हालांविषयीं शंका उरत नाहीं.

राजांचे पराक्रम शिलालेखांत राहतात. सामान्य गांवाचें सुखदुःख मात्र प्रथम त्याच्या लेंकरांच्या देहावर उमटतें. राळेगणच्या शिवारांत अडविलेल्या पाण्याचें खरें मोल त्या रांजणांतील चिमुकल्या दांतांकडे पाहिलें म्हणजे कळतें.