थंडी आणि विद्युत्घट

सातपाटीच्या किनाऱ्यावर पौषांतली पहाट अंमळ गारच असते. अशाच एका पहाटे माझा नातू आपलें खेळण्यांतलें विमान घेऊन पुळणीवर आला, आणि त्याच्या मागोमाग मीही गेलों. ओहोटी लागली होती. ओली वाळू लांबवर मोकळी पडली होती. हें विमान म्हणजे रबर पिळून उडविण्याचें जुनें खेळणें नव्हे. हातांतल्या यंत्रांतून रेडिओच्या लहरी सुटतात, त्यांच्या आज्ञेनें तें चढतें, वळतें, उतरतें; आणि त्याचें सारें बळ दोन आगपेट्यांएवढ्या एका लिथियम बॅटरींत साठविलेलें असतें. थंडींत ठेविलेली बॅटरी जास्त दिवस टिकते, असें कोठेंसें ऐकून मुलानें ती चार्ज करून रात्रभर फ्रीजमध्यें ठेविली होती, आणि तेथून काढून थेट विमानांत बसविली होती. विमान झोकांत उठलें. परंतु दोन मिनिटें होतात न होतात तोंच पंखा मंदावला आणि तें वाळूवर आदळलें. एक पंख मोडला.

"आजोबा, बॅटरी खोटी निघाली!" मुलगा रडकुंडीस येऊन म्हणाला. बॅटरी कांहींशी जुनी होती खरी. घरीं आल्यावर तिला कोठें पोचा पडला नाहीं ना, हें आम्हीं नीट पाहिलें व ती ओटीवर ठेवून दिली. दुपारीं, पुन्हां चार्ज न करतांच, ती पंख्यास जोडली. तों पंखा पूर्ववत् गरगर फिरूं लागला आणि बराच वेळ फिरला. मग सकाळीं ही वीज गेली होती कोठें? या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां विद्युत्घटाचा सव्वादोनशें वर्षांचा इतिहास चाळावा लागला. तोच आज थोडक्यांत सांगतों.

थंडीच्या दिवसांत सकाळीं खोबरेलाची बाटली उपडी केली तर थेंबही गळत नाहीं. बाटली भरलेलीच असते. तेल कोणी नेलेलें नसतें. उन्हांत ठेविली कीं तेंच तेल सरसर वाहूं लागतें. विद्युत्घटाची थंडींतली दशा पुष्कळशी अशीच असते. सांठा असतो, पण मागितल्या क्षणीं, मागितल्या वेगानें तो हातीं येत नाहीं. हातांतल्या विजेरीचें यांत फारसें बिघडत नाहीं. ती मिणमिणते इतकेंच. आकाशांतल्या यंत्रास मात्र मिणमिणतां येत नाहीं. तें खालीं येतें. हा भेद ध्यानांत धरून आपण मागें वळूं.

१८०० सालीं इटलींतील व्होल्टा यानें दोन निरनिराळ्या धातूंच्या चकत्या, आणि त्यांच्यामध्यें मिठाच्या पाण्यांत भिजविलेले पुठ्ठ्याचे तुकडे, अशी चळत रचून सतत वाहणारी वीज मिळविली. १८६६ सालीं लक्लांशे यानें जस्त व मँगेनीज डायऑक्साइड यांचा घट पुढें आणला. १८८६ सालीं जर्मनींत गास्नर यानें त्यांतील द्रवाची लापशी करून कोरडा घट बनविला. विजेरींत आणि खेड्यापाड्यांतल्या रेडिओंत पुढें घरोघर आला तो याच कुळींतला. या सर्व घटांत वीज वाहण्याचें काम पाण्यांत विरघळलेले क्षार करीत, आणि पाणी तर थंडीनें दाट होतें, शेवटीं गोठतें. शिवाय घट ही वस्तुतः एक रासायनिक भट्टीच होय. उष्णतामान उतरलें म्हणजे रासायनिक क्रिया किती मंदावते, याचें गणित स्वीडनच्या आऱ्हेनियसनें १८८९ सालीं मांडलें; तो नियम घटांनाही चुकलेला नाहीं.

याच नियमाची दुसरी बाजूही आहे. जी थंडी उपयोगी क्रियेस अडविते, तीच घट नासविणाऱ्या क्रियेसही अडविते. दुसऱ्या महायुद्धांत उष्ण प्रदेशांत धाडलेले सैन्याचे कोरडे घट वापरण्यापूर्वींच निकामी होत. म्हणून अमेरिकेंत सॅम्युएल रूबेन यानें उष्णतेंत टिकणारा पाऱ्याचा घट तयार केला. तेव्हां माझ्या नातवानें ऐकलेलें अगदींच खोटें नव्हतें. घट ठेवावयाचा तो गारव्यांत, पण वापरावयाचा तो ऊबेंत. त्याला नियमाचें पूर्वार्ध ठाऊक होतें, उत्तरार्ध नव्हतें.

आतां विमानाकडे येऊं. बॅटरीच्या बळावर उडावयाचें तर पहिला शत्रु वजन. ३० जून १९५७ या दिवशीं इंग्लंडांत कर्नल टॅप्लिन यांनीं रेडिओनें चालविलेलें आपलें छोटें विमान विजेच्या मोटारीवर उडविलें. अशा उड्डाणाची ही पहिली अधिकृत नोंद समजतात. त्यांत रुपें व जस्त यांची बॅटरी होती. पुढें निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या आल्या. त्या टिकाऊ खऱ्या, पण जड. खरी क्रांति लिथियमनें केली. १८१७ सालीं सांपडलेला हा धातु सर्व धातूंत हलका. व्हिटिंगहॅम, गुडइनफ व योशिनो या तिघांच्या १९७० नंतरच्या परिश्रमांतून लिथियमची पुन्हां पुन्हां चार्ज होणारी बॅटरी सिद्ध झाली. १९९१ सालीं सोनी कंपनीनें ती बाजारांत आणली आणि २०१९ सालीं तिघांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

लिथियम पाण्याशीं वैर करतो. म्हणून या बॅटरींत पाणी नसतें, सेंद्रिय द्रवांत विरघळलेला लिथियमचा क्षार असतो. तो शून्य अंशावर पाण्यासारखा गोठत नाहीं; पण दाट होतो. लिथियमचे विद्युद्भारित कण त्यांतून रेंगाळत जातात, आणि पलीकडच्या पदार्थांत शिरतांना अधिकच अडखळतात. परिणामीं घटाचा आंतला रोध वाढतो. पूर्ण भरलेल्या घटाचा दाब ४.२ व्होल्ट असतो. तो ३ व्होल्टच्या आसपास उतरला कीं घट वांचविण्यासाठीं विमानांतील यंत्र मोटारीचा प्रवाह तोडतें. थंड घटावर मोटारीचा भार पडतांच दाब कोसळतो, यंत्रास वाटतें कीं वीज संपली, आणि वीज शिल्लक असतांनाच पंखा थांबतो. आमच्या पुळणीवर घडलें तें हेंच.

कोणी म्हणेल, हा तर पोरखेळ! परंतु हाच खेळ आतां आमच्या पालघर जिल्ह्यांत प्रौढ कामास लागला आहे. डिसेंबर २०२१ मध्यें जव्हारहून झाप या दुर्गम गांवीं कोविडच्या लशीच्या ३०० मात्रा ड्रोननें पोंचविल्या. रस्त्यानें जेथें सुमारें चाळीस मिनिटें लागत, तेथें नऊ मिनिटांच्या आसपास लागलीं. जव्हारची थंडी हिमालयाची नव्हे. तिनें त्या दिवशीं कांहीं विघ्न आणलें नाहीं. पण त्या प्रवासांतला विरोध पहा! लस सामान्यतः २ ते ८ अंशांत गार राखावी लागते, आणि तिला वाहून नेणाऱ्या यंत्राच्या बॅटरीस ऊब हवी. एकाच यानांत एकीला हिंवाळा, दुसरीला उन्हाळा! आणि असें यान वाटेंत उतरलें, तर नुकसान मोडक्या पंखाचें नसतें. कोणाच्या तरी दंडावर टोंचावयाची लस रानांत पडते.

उत्तरेस गेलें म्हणजे हें संकट पुरतें उग्र होतें. पवईच्या आय.आय.टी.तून शिकलेल्या तरुणांनीं २००७ सालीं काढलेल्या 'आयडियाफोर्ज' कंपनीशीं जानेवारी २०२१ मध्यें भारतीय सेनेनें उंच प्रदेशांत टेहळणी करणाऱ्या विमानांचा करार केला. अशा उंचीवर हवा विरळ, म्हणून तरंगत राहण्यास शक्ति अधिक लागते. आणि नेमकी तेथेंच थंडी बॅटरीचा हात आंखडते. मागणी वाढते तेव्हांच पुरवठा घटतो.

याहून कठीण कसोटी मंगळावर लागली. १९ एप्रिल २०२१ रोजीं तेथें उडालेलें 'इंजेन्युइटी' हें पावणेदोन किलोंचें हेलिकॉप्टर सहा लिथियम घटांवर चालत असे. त्याचे मुख्य अभियंते बालाराम हे मद्रासच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी. तेथें रात्रीं थंडी शून्याखालीं ९० अंशांपर्यंत जाते. म्हणून दिवसा सूर्यापासून मिळविलेल्या शक्तीचा मोठा वांटा उडण्यासाठीं नव्हे, तर रात्रीं घटांना शेकण्यासाठींच खर्ची पडे. मे २०२२ मध्यें धुळीनें ऊन मंदावलें, रात्रीं सांठा संपला आणि कांहीं काळ संबंध तुटला. तरीही पांच उड्डाणांसाठीं धाडलेलें तें यंत्र जानेवारी २०२४ पर्यंत ७२ वेळां उडालें.

यावरून मुलांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. थंडींत उडवावयाची बॅटरी खिशांत किंवा लोकरींत गुंडाळून कोंवट राखावी. प्रथम एखादें मिनिट हळू चालवून मग भार द्यावा, आणि नित्यापेक्षां लवकर विमान उतरवावें. गोठणाऱ्या थंडींत बॅटरी चार्ज मात्र कधींही करूं नये. उतरत्या शक्तीची हानि ऊबेनें भरून येते. पण शून्याखालीं चार्ज करतांना लिथियमचा धातु आंत सांचतो, तो घट कायमचा बिघडवितो आणि प्रसंगीं आगही लावतो.

नातवानें पंख सांधला आहे. आतां तो पहाटे किनाऱ्यावर येतो तो बॅटरी सदऱ्याच्या आंत छातीशीं धरून. बाजारच्या मालास खोटा म्हणण्यापूर्वीं त्याचा स्वभाव विचारावा, एवढें त्यास कळलें. आणि चाळीस वर्षें मुलांस शिकवून जें मला ठाऊक नव्हतें, तें त्या पडलेल्या विमानानें मलाही शिकविलें.